झोपायची वेळ

संस्थेत सात वाजता झोपवायचे.
जूनमध्येही.
बाहेर टळटळीत ऊन, धक्क्यावरून पोरं तळ्यात उड्या मारतायत,
आणि आमच्या खोलीचे जाड पडदे ओढून
नर्स म्हणायची, चला, रात्र झाली.
बावीस वर्षं मला वाटायचं
रात्र कापडाची असते.

आता कुओपिओत, तिसऱ्या मजल्यावर,
दाराच्या पाटीवर माझं आडनाव. एकटंच.
सुरुवातीला मी टपालवाल्याची वाट बघायची,
कुणीतरी ते वाचावं म्हणून.
दोन जाहिराती आल्या, गादीच्या आणि चष्म्याच्या.
ठेवल्यात अजून.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणतात लोक.
माझी उचलायलाच वेळ लागतो,
आणि टाळू सापडेपर्यंत समोरच्यानं
माझं वाक्य पुरं केलेलं असतं,
बहुतेकदा चुकीचं.
ओस्करी करत नाही पुरं.
पगारी माणूस, आठवड्याचे तीस तास,
मानेवर गोंदलेलं एक बारकं हरिण.
मी "मी" म्हणते आणि तो थांबतो,
किटली शिट्टी मारत राहते, तरी थांबतो,
मागून "ठ" येईपर्यंत.
पहिल्या दिवशी मात्र न विचारता त्यानं माझं नाक पुसलं होतं.
नाक माझं आहे, मी म्हटलं.
म्हणायला अर्धं मिनिट लागलं,
त्यामुळे त्याच्या चांगलं लक्षात राहिलं.

माशाचं सूप आम्ही करतो. हात त्याचे, सूप माझं.
बटाटे जाडे, शेपू अगदी शेवटी.
एकदा हट्टानं तिप्पट मिरी घालायला लावली.
घालू? त्यानं एकदाच विचारलं.
मग दोघंही डोळे पुसत जेवलो, म्हणजे त्यानं चौघे पुसले.
संस्थेत अठरा जणींच्या सुपाला एकच चव होती
आणि ती कुणाचीच चूक नव्हती.

वर्षातून एकदा नगरपालिकेची बाई येते, तास मोजायला.
आंघोळ चाळीस मिनिटं. दात चार.
संध्याकाळची सेवा नऊला संपते, ती म्हणाली, सगळ्यांचीच.
म्हणजे नऊला पलंगावर.
मी हिशोब केला:
सातचे नऊ.
बावीस वर्षांत दोन तास.
बाई चांगली होती. जाताना तिनं माझ्या झाडाला पाणी घातलं,
त्याला नको होतं.

अर्ज केलाय. उत्तर यायचंय.
पण जून काही उत्तरासाठी थांबत नाही,
म्हणून त्या दिवशी पावणेनऊला मी म्हटलं,
मला खिडकीशी ठेव, आणि जा.
ओस्करी कोट घालून उभा राहिला.
काढला. पुन्हा घातला.
"पडलीस तर?"
"तर पडेन."
त्यानं मनगटावरची घंटा दोनदा तपासली,
मांडीवर घोंगडी, नळी लावलेला रसाचा कप हाताशी,
आणि जिन्यात त्याची पावलं
प्रत्येक मजल्यावर जरा अडखळत गेली.

मग कुणीच नव्हतं.

असं कुणीच नसणं मला माहीत नव्हतं.
फ्रिज गुरगुरतो, हे माहीत नव्हतं.
समोरच्या बाल्कनीत एक म्हातारा रेडिओशी भांडत होता.
दहाच्या सुमारास माझा हात आपल्या मनानं उडाला
आणि कप गेला.
काचा, रस, माझ्या चाकापर्यंत लाल.
बोट घंटेवर होतं.
मी ते तिथंच राहू दिलं.
माझ्या घरातला पहिला पसारा होता तो,
लगेच कसा आवरायचा?

अकरानंतर सूर्य कल्लावेसीच्या मागं उतरला,
पण अंधार आलाच नाही.
पाणी दुधासारखं, मग शिशासारखं, मग पुन्हा दुधासारखं.
एक माणूस होडीत नुसता बसून होता.
तिनाच्या आत ऊन परत हजर,
जसं काही विसरलं होतं.
पाठ मोडली. पायात गोळे आले.
मी दोनदा रडले, एकदा दुखलं म्हणून.

सातला कुलूप वाजलं.
ओस्करीनं काचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
तो झोपला नव्हता, दिसत होतं.
"कशी होती रात्र?"

मी जीभ उचलली.
कोट न काढताच
तो समोरच्या स्टुलावर बसला.